ते तिघे तुमच्या तुरुंगात आहेत का?

२१ जून १९६४, रविवार. अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यातील मेरिडियन शहरात नागरी हक्क चळवळीचे एक छोटे कार्यालय होते. दुपारचे चार वाजून गेले आणि तेथे अस्वस्थता पसरू लागली. जेम्स चेनी, अँड्र्यू गुडमन आणि मायकेल श्वेर्नर हे तीन कार्यकर्ते सकाळी निळ्या फोर्ड गाडीतून नेशोबा काउंटीकडे गेले होते. पाच दिवसांपूर्वी तेथील कृष्णवर्णीयांचे माउंट झायन चर्च जाळण्यात आले होते. त्याची पाहणी करून दुपारी परतायचे, असे ठरले होते. तिघांतील सर्वांत मोठा श्वेर्नर चोवीस वर्षांचा होता.

वेळेत न परतल्यास काय करायचे, हे चळवळीत आधीच ठरलेले असे. वाटेवरच्या प्रत्येक तुरुंगाला दूरध्वनी करायचा आणि एकच प्रश्न विचारायचा : आमची माणसे तुमच्याकडे आहेत का? संध्याकाळी नेशोबा काउंटीचे मुख्य ठिकाण असलेल्या फिलाडेल्फिया गावच्या तुरुंगालाही तो प्रश्न विचारला गेला. (हे पेन्सिल्व्हेनियातील प्रसिद्ध महानगर नव्हे, त्याच नावाचे मिसिसिपीतील छोटे गाव.) माहिती नाही, असे उत्तर मिळाले. त्या वेळी तिघेही त्याच तुरुंगात होते.

आज अमेरिकेतील असंख्य ग्रामीण काउंट्यांच्या संकेतस्थळांवर तुरुंगातील बंद्यांची यादी कोणीही पाहू शकतो. नाव, वय, आरोप, अटकेची तारीख, बहुधा छायाचित्रही. आपल्याला हा प्रकार काहीसा निर्दयी वाटतो. अटक झाली म्हणजे गुन्हा सिद्ध झाला नाही; मग त्या माणसाची अशी जाहिरात कशासाठी? या प्रश्नाचे उत्तर शोधताना अमेरिकी इतिहासाची एक विलक्षण बाजू उघड होते. तुरुंगाची नोंदवही कोणासाठी लिहिली जात होती, याचा हा धागा.

प्रथम काउंटी म्हणजे काय ते पाहू. राज्याखालोखालचा हा प्रशासकीय विभाग. देशभर अशा तीन हजारांहून अधिक काउंट्या आहेत. बहुतेक ठिकाणी काउंटीचा तुरुंग शेरीफच्या ताब्यात असतो आणि शेरीफ हा नेमलेला अधिकारी नसून मतदारांनी निवडून दिलेला असतो. हे पद इंग्लंडमधून आले. तिथे ‘शायर’ या विभागाचा ‘रीव्ह’, म्हणजे राजाचा कारभारी, तोच पुढे शेरीफ झाला. मुंबईला ‘नगरपाल’ हे मानाचे पद आहे, तेही याच घराण्यातले. मात्र मुंबईत ते समारंभापुरते उरले. अमेरिकेच्या ग्रामीण भागात त्याच पदाकडे कमरेचे पिस्तूल, तुरुंगाच्या किल्ल्या आणि नोंदवही हे तिन्ही राहिले.

काउंटीच्या तुरुंगात खटल्याची वाट पाहणारे आणि अल्प मुदतीची शिक्षा झालेले लोक असतात. दीर्घ शिक्षेचे कैदी राज्याच्या कारागृहात जातात. आरोपीला तुरुंगात आणले की दारातच त्याची नोंद होते. तिला तेथे ‘बुकिंग’ म्हणतात. हे नाव नोंदवहीवरूनच पडले. जुन्या वह्यांत नाव, वय, ‘वर्ण’, आरोप, कोणी आणले, केव्हा आणले, केव्हा आणि कोणत्या कारणाने सोडले, असे रकाने असत. अखेरचा रकाना शेऱ्याचा. इतिहासाचे अभ्यासक सर्वांत आधी तोच वाचतात.

ही वही लोकांना खुली असावी, या विचाराची मुळे इंग्लिश कायद्यात आहेत. १२१५ च्या मॅग्ना कार्टात राजाने मान्य केले की, कायदेशीर निर्णयाविना कोणत्याही स्वतंत्र माणसाला पकडले जाणार नाही. १६७९ मध्ये इंग्लिश संसदेने हेबिअस कॉर्पसचा कायदा केला : बंदिवानाला न्यायाधीशासमोर आणा आणि त्याला का डांबले ते सांगा. आपल्याकडे यालाच बंदी प्रत्यक्षीकरण म्हणतात. परंतु हा आदेश मागण्यासाठी माणूस कोठे आहे हे बाहेरच्या कोणाला तरी ठाऊक असावे लागते. ज्याची अटकच गुप्त आहे, त्याच्यासाठी जगातील सर्वोत्तम कायदाही निरुपयोगी ठरतो. १९७९ मध्ये विस्कॉन्सिन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापुढे पोलिसांच्या दैनिक अटक-यादीचा वाद आला, तेव्हा न्यायालयाने याच भूमिकेतून आरोपांसह ती यादी खुली ठेवण्याचा निर्णय दिला. छायाचित्रासह झळकणारी आजची यादी कितीही ओंगळ वाटो, तिचे मूळ बंदिवानाच्या संरक्षणात आहे.

हे तत्त्व झाले. प्रत्यक्षात ग्रामीण काउंटीतील नोंदवही वेगळ्याच कारणासाठी चोख ठेवली जाई. ते कारण होते पैसा.

एकोणिसाव्या शतकात, आणि दक्षिणेकडील अनेक ठिकाणी विसाव्या शतकातही, शेरीफला ठरावीक वेतन नसे. त्याची कमाई शुल्कांवर चाले. अटक केली, शुल्क. साक्षीदाराला समन्स बजावले, शुल्क. कैद्याला जेवू घातले, त्याचे दर दिवसाचे पैसे. हा सारा हिशेब काउंटीकडून किंवा खुद्द आरोपीकडून वसूल करायचा, म्हणून तारखा आणि दिवस काटेकोर लिहिणे भाग होते. (हा प्रकार फार जुना समजण्याचे कारण नाही. अलाबामात जेवणखर्चातून उरलेली रक्कम शेरीफने स्वतः ठेवण्याची प्रथा एकविसाव्या शतकातही चालू होती. २००९ मध्ये तेथील एका शेरीफने तीन वर्षांत असे दोन लाखांहून अधिक डॉलर मिळवल्याचे उघड झाले. कैद्यांना निकृष्ट अन्न दिल्याबद्दल न्यायाधीशाने त्यालाच एक रात्र कोठडीत पाठवले. राज्याने कायदा बदलला तो २०१९ मध्ये.)

यादवी युद्धानंतर या शुल्कपद्धतीला एक भयंकर जोड मिळाली. डिसेंबर १८६५ मध्ये तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी संपवली, पण एक अपवाद ठेवून : गुन्ह्याची शिक्षा म्हणून सक्तीचे श्रम चालतील. त्याच्या काही दिवस आधीच मिसिसिपीच्या विधिमंडळाने भटकेपणाविरुद्धचा कायदा संमत केला होता. जानेवारी १८६६ च्या दुसऱ्या सोमवारी किंवा त्यानंतर जो मुक्त कृष्णवर्णीय कामधंद्याविना आढळेल, तो गुन्हेगार. त्याला दंड. पाच दिवसांत दंड भरला नाही, तर शेरीफने त्याला अशा माणसाच्या हवाली करायचे, जो कमीत कमी मुदतीच्या श्रमाच्या बदल्यात दंड आणि खर्च भरायला तयार असेल. कालपर्यंत ज्याचा बाजारात लिलाव होत असे, त्याचा आता तुरुंगाच्या दाराशी होऊ लागला. तो कायदा फार टिकला नाही, पण त्यातील युक्ती टिकली आणि शेजारच्या राज्यांतही रुजली.

ती कशी चाले, हे अलाबामाच्या मन्रो काउंटीतील एका प्रकरणात आकड्यांनिशी दिसते. (काउंटीचे मुख्य ठिकाण मन्रोव्हिल. ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’च्या लेखिका हार्पर ली यांचे हे गाव, तेथील जुन्या न्यायालयाच्या नमुन्यावरून चित्रपटातील न्यायालय उभारले गेले.) १९१० मध्ये तेथे एड रिव्हर्स नावाचा कृष्णवर्णीय मजूर किरकोळ चोरीच्या आरोपात दोषी ठरला. दंड १५ डॉलर. त्यावर खटल्याचा खर्च ४३ डॉलर ७५ सेंट. म्हणजे दंडाच्या जवळजवळ तिप्पट रक्कम केवळ शुल्कांची! एका शेतमालकाने एकूण ५८ डॉलर ७५ सेंट भरले आणि महिना ६ डॉलरच्या दराने ती रक्कम फिटेपर्यंत, म्हणजे ९ महिने २४ दिवस, रिव्हर्सने त्याच्या शेतावर राबावे असा करार झाला. महिन्याभरानंतर रिव्हर्सने काम सोडले. करार मोडणे हाही गुन्हाच होता. त्याला पुन्हा अटक झाली.

या खेपेचा दंड होता एक सेंट. खर्च मात्र ८७ डॉलर ५ सेंट. दुसऱ्या शेतमालकाने पैसे भरले आणि मुदत झाली १४ महिने १५ दिवसांची. न्यायाधीशाला या माणसाकडून दंडापोटी एक सेंटच हवा होता. उरलेली सव्वा वर्षाची गुलामी शुल्कांनी निर्माण केली. हे प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचले आणि १९१४ मध्ये न्यायालयाने ही जामीनदारीची पद्धत तेराव्या घटनादुरुस्तीच्या विरुद्ध ठरवली. मात्र तोच कैदी कोळशाच्या खाणीला भाड्याने देण्याची पद्धत या निकालाने संपली नाही. अलाबामात ती १९२८ पर्यंत चालू राहिली. ती बंद करणारे हे शेवटचे राज्य.

खाणीकडे जाणाऱ्यांची नोंदही काउंटीच्याच कागदांत आहे. डग्लस ब्लॅकमन या पत्रकाराने अलाबामातील शेल्बी काउंटीच्या जुन्या दप्तरांतून ग्रीन कॉटनहॅम या तरुणाचा माग काढला. ३० मार्च १९०८ रोजी शेरीफने त्याला अटक केली. आरोप भटकेपणाचा. तीन दिवस तुरुंग, मग सक्तमजुरीची शिक्षा. शुल्के भरण्यास पैसे नाहीत म्हणून मुदतीत वाढ होऊन ती वर्षाच्या घरात गेली. त्याला टेनेसी कोल, आयर्न अँड रेलरोड या कंपनीच्या हवाली करण्यात आले. आदल्याच वर्षी ही कंपनी यू. एस. स्टील या बलाढ्य उद्योगाने विकत घेतली होती. त्याच्यापोटी कंपनी काउंटीला महिना १२ डॉलर देई. बर्मिंगहॅमजवळच्या प्रॅट खाणींतील ‘स्लोप क्रमांक १२’ मध्ये त्याला उतरवण्यात आले आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये क्षयाने तो मरण पावला. गुलामगिरी संपल्याची घोषणा होऊन तेव्हा पंचेचाळीस वर्षे झाली होती.

ब्लॅकमन यांच्या पुस्तकाला २००९ मध्ये पुलित्झर पारितोषिक मिळाले. त्यांनी वापरलेले पुष्कळसे पुरावे कोणी दडवून ठेवलेले नव्हते. काउंटीच्या न्यायालयांत आणि तुरुंगांच्या वह्यांत ते उघड पडून होते. कैदी विकला गेल्याची नोंद लिहिणाऱ्याला त्यात लपवण्यासारखे काही वाटले नाही. त्याच्या दृष्टीने ती जमेची बाजू होती. अन्याय करणाऱ्यांनीच अन्यायाचा इतका नीटनेटका हिशेब मागे ठेवावा, हे आधी विचित्र वाटते. शुल्कपद्धती समजून घेतली की ते अगदी स्वाभाविक वाटू लागते.

मग अशी नोंद शोधायची कशी? ज्यांना अमेरिकी ग्रामीण इतिहासावर काम करायचे आहे, त्यांच्यासाठी हा भाग थोडा सविस्तर.

तुरुंगाची मूळ नोंदवही सर्वांत आधी शोधावी, पण ती मिळेलच असे धरून चालू नये. न्यायालयाच्या इमारतींना लागलेल्या आगींत अनेक काउंट्यांची सारी दप्तरे गेली. वंशावळीचे अभ्यासक अशा काउंट्यांना सरळ ‘जळालेल्या काउंट्या’ म्हणतात. वही नसेल तर पैशाचा माग घ्यावा. कैद्यांना जेवू घातल्याची शेरीफची बिले काउंटीच्या मंडळापुढे मंजुरीला येत आणि मंडळाच्या इतिवृत्तात चढत. काही ठिकाणी त्यात कैद्याचे नाव आणि दिवसांची संख्याही आढळते. वही नष्ट झाली, पण भाकरीचा हिशेब उरला. दुसरा मार्ग न्यायालयाचा : खटल्यांची यादी, जामिनाची वही, दंडाच्या पावत्या. अटकेचे पुढे काय झाले, हे तुरुंगाची वही बहुधा सांगतच नाही. निर्दोष सुटला की शिक्षा झाली, हे न्यायालयाच्या लिपिकाकडेच कळते. ही पायरी गाळून केवळ अटकेच्या नोंदीवरून एखाद्याला गुन्हेगार म्हणणे, ही चूक छापील पुस्तकांतही दिसते.

तिसरा मार्ग जनगणनेचा. गणनेच्या दिवशी तुरुंगात असलेले लोक तुरुंगाच्याच पत्त्यावर मोजले जातात. १८८० च्या जनगणनेत तर कैद्यांसाठी स्वतंत्र तक्ता होता. चौथा मार्ग राज्याच्या अभिलेखागाराचा. अलाबामाचे अभिलेखागार १९०१ मध्ये स्थापन झाले, अमेरिकेतील राज्य पातळीवरचे ते पहिले. राज्याच्या ताब्यातील कैद्यांच्या नोंदवह्या तेथे आहेत. काउंटीच्या पातळीवरचे दप्तर मात्र बहुधा काउंटीतच शोधावे लागते. शेल्बीपुरते बोलायचे तर कोलंबियाना गावातील १८५४ च्या जुन्या न्यायालयाच्या इमारतीत आता काउंटीचे संग्रहालय आणि अभिलेखागार आहे.

अलीकडच्या नोंदींसाठी कायद्याचा रस्ता घ्यावा लागतो आणि तो राज्यागणिक बदलतो. १९६६ चा माहिती स्वातंत्र्याचा कायदा केवळ संघराज्याच्या कार्यालयांना लागू आहे. काउंटीच्या शेरीफला तो बांधील नाही. प्रत्येक राज्याचा स्वतःचा कायदा आहे. शिवाय २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्हर्जिनियाच्या एका प्रकरणात स्पष्ट केले की, राज्य हा हक्क स्वतःच्या नागरिकांपुरता मर्यादित ठेवू शकते. त्यामुळे पुण्यात किंवा अगदी न्यूयॉर्कमध्ये बसून केलेला अर्ज काही राज्यांत नाकारला जाऊ शकतो. संकेतस्थळावरील यादीचीही एक मर्यादा आहे : ती सहसा आज आत कोण आहे एवढेच सांगते. माणूस सुटला की त्याचे नाव यादीतून जाते. इतिहासासाठी तिचा उपयोग तेवढ्या दिवसापुरता.

अर्थात काही छायाचित्रे कधीच जात नाहीत. तुरुंगांच्या संकेतस्थळांवरून ती उचलून स्वतःच्या पानावर लावायची आणि काढून टाकण्यासाठी त्या माणसाकडून पैसे मागायचे, असा धंदाच गेल्या दशकात उभा राहिला. २०१३ पासून एकेका राज्याने त्याविरुद्ध कायदे केले. बंदिवानाच्या रक्षणासाठी खुली ठेवलेली नोंद पुन्हा एकदा शुल्कवसुलीचे साधन झाली होती. या वेळी वसुली करणारा शेरीफ नव्हता, एवढाच फरक.

आता पुन्हा नेशोबात. तिघांना दुपारी उपशेरीफ सेसिल प्राइसने अडवले होते. चेनीवर वेगाने गाडी चालवल्याचा आरोप, इतर दोघे ‘चौकशीसाठी’. रात्री साडेदहाच्या सुमारास २० डॉलर दंड घेऊन तिघांनाही सोडण्यात आले. कागदोपत्री पाहिले तर यात वावगे काहीच नाही. अटक आहे, आरोप आहे, दंड आहे, सुटका आहे. शेरीफच्या कचेरीचा बचावही हाच होता : आम्ही त्यांना सोडले, ते गेले, पुढचे आम्हाला ठाऊक नाही.

प्रत्यक्षात सुटका हाच कटाचा भाग होता. गाव सोडताच प्राइसने त्यांना रस्त्यावर पुन्हा गाठले आणि कू क्लक्स क्लॅनच्या टोळीच्या हवाली केले. तिघांना गोळ्या घालण्यात आल्या. दोन दिवसांनी जळालेली गाडी सापडली, तर मृतदेह ४ ऑगस्टला एका शेततळ्याच्या मातीच्या बांधाखाली सापडले. संघराज्याच्या आरोपपत्रातही म्हटले होते की, वाटेत गाठता येईल अशा वेळी तिघांना तुरुंगातून सोडण्याचे ठरले होते. १९६७ मध्ये अठरा आरोपींपैकी सात जण दोषी ठरले. प्राइस त्यांत होता. शेरीफ निर्दोष सुटला. मिसिसिपी राज्याने या हत्यांबद्दल पहिला खटला चालवला तो थेट २००५ मध्ये. त्यात क्लॅनचा एक पुढारी सदोष मनुष्यवधाबद्दल दोषी ठरला. हत्यांना त्या दिवशी बरोबर एक्केचाळीस वर्षे झाली होती.

शेल्बीची वही सारे सांगते, कारण तेथे माणूस जमेच्या रकान्यात होता. नेशोबातील तुरुंगाचे कागद मात्र दंडाची रक्कम सांगून थांबतात. त्या संध्याकाळचा इतिहास आज तासागणिक सांगता येतो, तो दुसऱ्याच एका नोंदीमुळे. चळवळीच्या कार्यालयांनी ठरावीक दरात लांब पल्ल्याचे कितीही दूरध्वनी करू देणारी सेवा घेतली होती. आलेल्या-केलेल्या प्रत्येक दूरध्वनीचे टिपण कार्यकर्ते ठेवत : कोणत्या तुरुंगाला विचारले, केव्हा विचारले, काय उत्तर आले. ही टिपणे आज अभिलेखागारांत जतन आहेत. त्या उन्हाळ्याच्या कागदपत्रांचा एक मोठा संग्रह विस्कॉन्सिनच्या ऐतिहासिक संस्थेने सर्वांसाठी खुला केला आहे. तुरुंगाने नाकारलेल्या प्रश्नाची नोंद प्रश्न विचारणाऱ्यांनी ठेवली.

पन्नास वर्षांनी टेक्सासच्या वॉलर काउंटीत याच नोंदींनी वेगळे काम केले. १० जुलै २०१५ रोजी सँड्रा ब्लँड या अठ्ठावीस वर्षांच्या कृष्णवर्णीय तरुणीला रस्त्यावरील किरकोळ कारणावरून अडवण्यात आले आणि वादावादीनंतर अटक झाली. तीन दिवसांनी काउंटीच्या तुरुंगात ती मृतावस्थेत आढळली. अधिकृत निष्कर्ष आत्महत्येचा. लोकांच्या दबावापुढे काउंटीने बुकिंगचे अर्ज प्रसिद्ध केले. तिने पूर्वी आत्महत्येचा प्रयत्न केला होता का, या प्रश्नाचे उत्तर एका अर्जावर एक होते, तर दुसऱ्यावर त्याच्या उलट. तरीही तिच्यावर विशेष लक्ष ठेवले गेले नव्हते. प्रत्येक बंद्याला तासाला एकदा समक्ष पाहण्याचा नियम पाळला नाही, असा ठपका राज्याच्या तुरुंग आयोगाने ठेवला. २०१७ मध्ये टेक्सासने तिच्याच नावाने कायदा केला. कोठडीची फेरी झाली की नाही, हे पहारेकऱ्याच्या हातच्या नोंदीवर न सोडता विद्युत उपकरणाने टिपण्याची तरतूद त्यात आहे.